हृदयाची रेषा अचूक काढणारे शास्त्रज्ञ : विलेम आइंथोव्हेन



दरवर्षी निरोप समारंभाच्या दिवशी दहावीच्या मुलांचा ग्रुप फोटो निघतो. फोटोग्राफर ओरडून सांगतो की कोणीही हलू नका. तरी मागच्या रांगेतला एखादा मान वळवतोच, आणि फोटोत त्याचा चेहरा पुसट येतो. आता विचार करा, ज्याचा फोटो काढायचा तो एक क्षणसुद्धा स्थिर राहत नसेल तर? आपले हृदय मिनिटाला साधारण ७० वेळा धडधडते, शिवाय श्वासाबरोबर वरखाली सरकते. एम.आर.आय. यंत्राने हृदयाचे चित्र घेताना हीच मोठी अडचण येते. ती सोडवण्यासाठी आजही ज्यांच्या कामाचा आधार घ्यावा लागतो, त्या डच शास्त्रज्ञाचा परिचय या अंकात करून देत आहे. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेव्हा एखादा शास्त्रीय शब्द इकडचा तिकडे झाल्यास सांभाळून घ्यावे.

विलेम आइंथोव्हेन यांचा जन्म २१ मे १८६० रोजी जावा बेटावरील सेमारांग या गावी झाला. जावा तेव्हा डच लोकांच्या ताब्यात होते. वडील तेथे डॉक्टर होते. विलेम सहा वर्षांचा असताना ते वारले. मागे आई आणि सहा मुले. १८७० मध्ये ही माउली सगळ्या मुलांना घेऊन हॉलंडला आली आणि उट्रेख्ट शहरात राहू लागली. घरची परिस्थिती बेताची, म्हणून पुढे लष्करात डॉक्टर म्हणून नोकरी करण्याच्या करारावर विलेमने वैद्यकीय शिक्षण सुरू केले.

मुलगा केवळ पुस्तकी नव्हता. व्यायाम, तलवारबाजी आणि नौकानयन यांची त्याला फार आवड. एकदा व्यायाम करताना पडून मनगट मोडले. दुसरा कोणी असता तर कुरकुरत पडून राहिला असता. विलेमने मात्र आपला हात कसा वळतो याचाच अभ्यास केला आणि त्यावर शोधनिबंध लिहिला. १८८५ मध्ये डॉक्टरेट मिळाली, आणि लगेच लायडन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवड झाली. वय अवघे २५! लष्कराची वाट तेथेच सुटली आणि उरलेले सारे आयुष्य लायडनला गेले.

१८८७ मध्ये लंडनचे ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयातून निघणाऱ्या विजेचा आलेख प्रथमच शरीर न उघडता काढून दाखवला. त्यासाठी त्यांनी बारीक काचनळीत पारा भरलेले एक उपकरण वापरले होते. वीज बदलली की पारा सरकायचा आणि त्याच्या हालचालीचा फोटो घेतला जायचा. पण पारा पडला जड. विजेची लहर येऊन गेली तरी तो मागेच रेंगाळायचा, त्यामुळे आलेख बोथट यायचा. असा आलेख पाहून रोग कसा ओळखणार?

आइंथोव्हेन यांनी हार मानली नाही. उपकरण मंद आहे, पण किती मंद आहे ते तर मोजता येईल! ठराविक विद्युतदाब दिल्यावर पारा किती वेगाने सरकतो याचा त्यांनी कसून अभ्यास केला आणि त्यावरून बोथट आलेखामागची खरी रेषा गणिताने शोधून काढली. १८९५ मध्ये त्यांनी या दुरुस्त रेषेतील पाच लहरींना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे दिली. आज जगातला प्रत्येक डॉक्टर हीच नावे वापरतो.

परंतु प्रत्येक रोग्यामागे इतके गणित कोण करणार? आणि ते गणित बरोबर आहे याची खात्री तरी काय? तेव्हा त्यांनी मुळातच जलद असे उपकरण करायला घेतले. केसापेक्षा कितीतरी बारीक असा क्वार्ट्‌झचा धागा, त्यावर चांदीचा मुलामा, आणि दोन्ही बाजूंना शक्तिशाली विद्युतचुंबक. धाग्यातून हृदयाची वीज गेली की धागा किंचित बाजूला सरके. सूक्ष्मदर्शकाने मोठी केलेली त्याची सावली सरकत्या फोटोप्लेटवर उमटे. धागा इतका हलका की पाऱ्यासारखा रेंगाळत नसे. तारायंत्रासाठी साधारण असेच उपकरण क्लेमां आदेर या फ्रेंच संशोधकाने आधी केले होते, पण हृदयाच्या नाजूक विजेसाठी लागणारी सूक्ष्मता आणि अचूकता आइंथोव्हेन यांनी साधली. १९०१ ते १९०३ या काळात त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. नव्या यंत्राची रेषा आणि काही वर्षांपूर्वी गणिताने काढलेली रेषा त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा दोन्ही जुळल्या!

हे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. रोग्याला हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. आजारी माणसाला यंत्रापर्यंत आणणे कठीण, म्हणून १९०५ मध्ये त्यांनी दीड किलोमीटर दूरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने हृदयाची लहर प्रयोगशाळेत आणली. १९२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. सप्टेंबर १९२७ मध्ये लायडन येथे त्यांचे निधन झाले.

आता पुन्हा एम.आर.आय.कडे येऊ. हृदयाचे एक चित्र बहुधा एका ठोक्यात पुरे होत नाही, ते अनेक ठोक्यांत तुकड्या-तुकड्याने गोळा करतात. म्हणून रोग्याच्या छातीवर तारा लावून आइंथोव्हेन यांची आर लहर पाहिली जाते. ती लहर आली की हृदयाचा नवा ठोका सुरू झाला असे यंत्र समजते आणि दर ठोक्याच्या त्याच टप्प्यावर पुढचा तुकडा घेते. श्वासाची हालचाल टाळण्यासाठी रोग्याला दहा-वीस सेकंद श्वास रोखायला सांगतात. पण ज्याला धाप लागते, त्या म्हाताऱ्या माणसाने काय करावे? लहान मुलाने काय करावे? ज्यांना तपासणीची सर्वांत जास्त गरज, त्यांचेच चित्र पुसट येते. यावर संशोधक दोन वाटांनी जात आहेत. एक, कमी मोजमापे घेऊन बाकीचे गणिताने भरून काढायचे, म्हणजे वेळ वाचतो. दोन, रोग्याला श्वास घेऊ द्यायचा, हृदय किती सरकले ते मोजायचे आणि तेवढे चित्र दुरुस्त करायचे. दुरुस्ती आणि वेग, आइंथोव्हेन यांच्याही वाटा याच होत्या. एक गंमत पाहा. त्यांनी चुंबकाच्या मदतीने हृदयाची रेषा पकडली, आणि एम.आर.आय.च्या प्रचंड चुंबकात वाहणारे रक्त स्वतःच थोडी वीज निर्माण करून तीच रेषा बिघडवते! त्यामुळे एम.आर.आय.च्या संकेतातूनच ठोका ओळखण्याच्या पद्धतीही निघाल्या आहेत.

मुलांनो, प्रयोगवही तपासताना मला नेहमी एक गोष्ट खटकते. उत्तर पुस्तकाशी जुळले नाही की तुमच्यापैकी काही जण हळूच रीडिंग बदलतात. आइंथोव्हेन यांनीही रीडिंग दुरुस्त केले, पण आधी उपकरण कोठे आणि किती चुकते ते मोजले, आणि नंतर आपली दुरुस्ती खरी की खोटी हे नव्या यंत्रावर पारखून पाहिले. यापुढे तुमचे उत्तर चुकले तर ते खोडू नका. ते का चुकले असावे, हे खाली दोन ओळींत लिहा. त्या दोन ओळींचे गुण मी स्वतः देईन.