लोखंडे यांची पाचवी मागणी

आर्वी (प्रतिनिधी) : वर्धा जिल्ह्यातील आर्वी ही कापसाची जुनी बाजारपेठ. कापूस बाजारात आला की येथील जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी करणारी यंत्रे सुरू होतात व त्यांच्याजवळ हंगामी मजुरांचे हात राबू लागतात. अशा यंत्रात हात सापडून मजूर जायबंदी झाला, तर त्याच्या घरची चूल पेटती ठेवण्याची जबाबदारी कोणाची? हा प्रश्न १८८४ मध्ये मुंबईत कामगारांच्या लेखी मागणीच्या रूपाने मांडला गेला. तो मांडणारे नारायण मेघाजी लोखंडे भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणून ओळखले जातात.

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा. प्रारंभी रेल्वे व टपाल खात्यात नोकरी केल्यावर ते मुंबईतील मांडवी येथील गिरणीत भांडारपाल झाले. गिरणी कामगारांचे हाल त्यांनी तेथे जवळून पाहिले. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम, आठवड्याची सुटी नाही, पगाराची निश्चित तारीख नाही, असा तो काळ होता. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांनी भारावलेल्या लोखंडे यांनी १८८० मध्ये ‘दीनबंधु’ पत्राची धुरा हाती घेतली आणि ते श्रमिकांचे मुखपत्र बनविले.

१८८१ मध्ये देशातील पहिला कारखाना कायदा आला. मात्र त्याचा भर प्रामुख्याने बालकामगारांवर होता. शंभरापेक्षा कमी कामगारांचे आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्याच्या कक्षेबाहेर राहिले. कायद्यात सुधारणा सुचविण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ मध्ये आयोग नेमला, तेव्हा लोखंडे यांनी कामगारांना संघटित केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परळ भागात सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले.

त्यात पाच मागण्या होत्या. रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार या पहिल्या चार. पाचवी मागणी जखमी कामगाराची होती. कामावर गंभीर इजा झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास उदरनिर्वाहाची तजवीज व्हावी, असे त्यात म्हटले होते. कामगाराच्या अपघाताला दैव किंवा त्याची स्वतःची चूक असे समजून विषय संपविण्याच्या त्या काळात ही मागणी दयेची नव्हती, हक्काची होती.

सुटीचा लढा पुढे यशस्वी झाला. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. पाचवी मागणी मात्र तशीच राहिली. १८५५ च्या कायद्याने मृताच्या वारसांना दावा लावता येई. पण दुसऱ्याचा दोष न्यायालयात सिद्ध करावा लागे. गरीब कुटुंबाला ते कसे परवडावे?

लोखंडे यांचे कार्य गिरण्यांपुरते नव्हते. विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांनी नाभिकांना संघटित केले, तर १८९३ च्या मुंबईतील दंगलीनंतर सलोख्यासाठी प्रयत्न केले. ते रावबहादूर झाले. प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्यांनाही लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. जखमी कामगाराचा कायदा त्यांना पाहता आला नाही.

हंगामी कारखाने १९११ च्या कायद्याने कक्षेत आले. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ मध्ये संमत होऊन १ जुलै १९२४ पासून लागू झाला. मालकाचा दोष सिद्ध न करताही भरपाई मिळण्याचा मार्ग त्याने खुला केला. लोखंडे यांच्या निवेदनाला तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती. पुढे १९४८ मध्ये राज्य कर्मचारी विमा कायदा आला. १९२३ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

कायदा असला तरी हक्क आपोआप पदरात पडत नाही. अपघाताची खबर मालकाला शक्य तितक्या लवकर आणि लेखी द्यावी. डॉक्टरांचे कागद, हजेरीची व पगाराची नोंद जपून ठेवावी. दाव्यासाठी साधारणपणे दोन वर्षांची मुदत असते. भरपाईचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही वा अंगठा घेतला, तरी तो करार कायद्याने निरर्थक ठरतो. ठेकेदारामार्फत लागलेल्या मजुरालाही मुख्य मालकाकडे भरपाई मागता येते. जेथे राज्य कर्मचारी विमा योजना लागू आहे, तेथे हा लाभ विमा महामंडळाकडून मिळतो.

भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये लोखंडे यांचे तिकीट काढले. रविवारच्या सुटीसाठी त्यांचे स्मरण आवर्जून होते. जिनिंगच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या मजुरासाठी मात्र त्यांची पाचवी मागणी अधिक मोलाची आहे.