एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात

इनप्लांट ट्रेनिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हेल्मेट घालून काढलेला ग्रुप फोटो आणि सीनिअरच्या रिपोर्टची झेरॉक्स! मित्रांनो, कॉलेज आणि कारखाना यांचं लग्न ज्यांनी खऱ्या अर्थाने लावलं, त्या हर्मन श्नायडर यांचं नाव मात्र व्हायवाला कुणी विचारत नाही.

त्यांचा जन्म १८७२ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या समिट हिल या कोळशाच्या खाणींच्या गावातला. १८९४ मध्ये लीहाय विद्यापीठाची पदवी घेऊन ते रेल्वेच्या पुलांच्या कामावर गेले आणि १८९९ मध्ये तिथेच शिकवायला परतले. विद्यापीठ टेकडीवर आणि पायथ्याशी बेथलेहेमचा पोलादाचा कारखाना. एवढी मोठी लॅब शेजारी असताना पोरांनी फळ्याकडेच बघत का बसायचं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरला तो गेलाच नाही.

१९०३ मध्ये ते सिनसिनाटी विद्यापीठात आले. हे मशीन टूल्सचं शहर. मशीन्स झपाट्याने जुनी होतात, कॉलेजने ती किती विकत घ्यायची? त्यापेक्षा शहरातली वर्कशॉप्सच वापरू, असं त्यांचं म्हणणं. विद्यापीठाच्या मंडळाने परवानगी दिली, पण फक्त एका वर्षाची, आणि फसलं तर जबाबदारी आमची नाही असं लेखी ठरावात घालून! (मंडळं सगळीकडे सारखीच.) कारखानदार मात्र तयार झाले. मिलिंग मशीनवाले फ्रेडरिक गायर त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

१९०६ मध्ये २७ विद्यार्थी घेऊन सुरुवात झाली. कोर्स सहा वर्षांचा. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. एक जण आठवडाभर मशीनवर, दुसरा वर्गात, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. म्हणजे कारखान्यातली जागा कधी रिकामी नाही. शनिवारी वर्गातल्याने शॉपमध्ये जाऊन जोडीदाराचं काम कुठवर आलंय ते समजून घ्यायचं. कामाचा पगार मिळायचा. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, कोऑर्डिनेटर सर स्वतः शॉपमध्ये जाऊन पोरं काय करतायत ते बघायचे आणि पुढच्या आठवड्यात त्यामागची थिअरी वर्गात शिकवायचे. आपल्याकडे सर कंपनीच्या गेटपर्यंत आले तरी खूप!

ते वर्ष फसलं नाही. १९०९ मध्ये बोस्टनच्या नॉर्थईस्टर्ननेही ही पद्धत उचलली. श्नायडर १९०६ पासून डीन होते, १९२९ ते १९३२ विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि १९३९ मध्ये वारले. सिनसिनाटीत को-ऑप अजून चालू आहे.