वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल १८९५ – २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ, कर्करोग व कुष्ठरोग यांचे संशोधक आणि मुंबईतील परळ येथील भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संस्थापक-संचालक होते. भारतातील विकृतिशास्त्राचे व वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. शरीराच्या कोणत्या भागात कर्करोग उद्भवावा हे पुष्कळदा माणसाच्या सवयी, पेहराव आणि राहणी यांवर अवलंबून असते, हे त्यांनी भारतीय रुग्णांच्या अभ्यासातून दाखवून दिले.

जन्म व शिक्षण

खानोलकरांचा जन्म गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात झाला. त्यांचे वडील शल्यचिकित्सक होते व क्वेट्टा येथे स्थायिक झाले होते. वसंतरावांनी लंडन विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात एम.डी. ही पदवी मिळवली. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले.

टाटा स्मारक रुग्णालय

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने उभारलेल्या या रुग्णालयात खानोलकर प्रयोगशाळा व संशोधन विभागाचे संचालक झाले. त्या काळी कर्करोग हा मुख्यतः पाश्चात्त्य देशांचा रोग आहे, भारतात तो विरळा आढळतो, असा समज प्रचलित होता. परळला देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून रुग्ण येऊ लागल्यावर तो टिकणे कठीण होते. मात्र रुग्ण येणे वेगळे आणि त्यांच्या नोंदींतून अर्थ काढणे वेगळे. खानोलकरांचे मोठेपण या दुसऱ्या कामात आहे. रुग्णाचा प्रांत, समाज, आहार आणि व्यसन यांची माहिती ते सूक्ष्मदर्शकाखालील निष्कर्षाइतकीच महत्त्वाची मानत.

१९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी बी. सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी चालीरीतींशी निगडित असलेल्या कर्करोगांचे वर्णन केले. धोतर किंवा साडी वर्षानुवर्षे कमरेच्या एकाच जागी घट्ट आवळल्याने तेथील त्वचा सतत घासली जाते, तिचा रंग पालटतो आणि क्वचित तेथे कर्करोग होतो. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची रीत आहे. तेथे तो टाळूला होतो. बिहारकडे चुना मिसळलेली तंबाखू खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामधील खोबणीत ठेवतात. तेथे तो नेमका त्याच खोबणीत होतो. काश्मीरमध्ये अंगरख्याखाली कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटावरील कर्करोग वैद्यकाला आधीपासून ठाऊक होता. खानोलकरांच्या कामामुळे अशी सुटी उदाहरणे एका सूत्रात आली. सवय बदलली तर रोग टळू शकेल, हा त्यातून निघणारा अर्थ उपचारांची साधने तुटपुंजी असलेल्या देशासाठी फार मोलाचा होता.

१९५५ मध्ये लाभशंकर संघवी व राव यांच्यासह त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखूविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रुग्णांच्या सवयींची इतर लोकांच्या सवयींशी तुलना केली होती. तंबाखू खाणाऱ्यांत तोंडाच्या पोकळीचा, तर विडी ओढणाऱ्यांत जिभेचे मूळ आणि घसा यांचा कर्करोग अधिक आढळला. विडी आणि तंबाखूची चंची ज्या गिरणगावात घरोघरी होती, त्याच्याच मध्यभागी हे संशोधन झाले. संघवी यांच्यासह त्यांनी १९४९ मध्ये मुंबईतील सहा समाजगटांच्या आनुवंशिक लक्षणांचाही अभ्यास प्रसिद्ध केला होता.

कुष्ठरोग संशोधन

कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचे ऊतक तपासून खानोलकरांनी मज्जातंतूंकडे लक्ष वेधले. रोगजंतू त्वचेतील सूक्ष्म तंतूंत शिरून त्यांच्या अक्षतंतूंमधून वर सरकतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढील संशोधनात तंतूंभोवतीच्या श्वान पेशींना अधिक महत्त्व मिळाले व त्यांचे स्पष्टीकरण जसेच्या तसे स्वीकारले गेले नाही. तथापि या रोगात मज्जातंतूंना असलेले केंद्रस्थान कायम राहिले. १९५८ मध्ये कमल रणदिवे व चं. वि. बापट यांच्यासह त्यांनी कुष्ठरोग्यांच्या ऊतकातून एक जंतू संवर्धित केला. तो कुष्ठरोगाचाच जंतू आहे काय यावर बराच वाद झाला. संशोधन केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो आयसीआरसी बॅसिलस या नावाने ओळखला जातो आणि पुढे त्यापासून कुष्ठरोगावरील लस तयार करण्यात आली.

भारतीय कर्करोग संशोधन केंद्र

१९५२ मध्ये परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. रणदिवे यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली संशोधनाला आरंभ केला होता. अमेरिकेत जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत अनुभव घेऊन परतल्यावर त्यांनी येथे ऊतकसंवर्धनाची देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली. १९६६ मध्ये हे केंद्र व रुग्णालय एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले.

कर्करोगाच्या प्रसाराचा प्रश्न

खानोलकरांचा भर रोगाच्या उगमावर होता. तो शरीरात दूरवर कसा पसरतो, हे कोडे त्यांच्या पिढीला पुरते सुटले नाही. तोंडाचा कर्करोग सहसा आधी मानेतील लसीका ग्रंथींत उतरतो, तर आतडे, जठर व स्वादुपिंड यांचा यकृतात. या अवयवांतील रक्त थेट यकृताकडे वाहत जाते हे एक कारण झाले. परंतु केवळ रक्ताच्या वाटेने सगळा उलगडा होत नाही. बी रुजायला अनुकूल माती लागते, अशी उपपत्ती इंग्रज शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच मांडली होती. ही माती कशी तयार होते, याचा एक धागा २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या गटाने उंदरांवरील प्रयोगांतून दाखवला. स्वादुपिंडातील अर्बुद अतिसूक्ष्म पुटिका रक्तात सोडते. यकृतातील कुप्फर पेशी त्या शोषून घेतात आणि शेजारच्या पेशींना संदेश देतात. मग यकृतात तंतुमय प्रथिन साचते, अस्थिमज्जेतील पेशी तेथे गोळा होतात आणि कर्कपेशी येण्यापूर्वीच त्यांची जागा तयार होते. पुटिकांच्या पृष्ठभागावरील प्रथिनांवरून त्या कोणत्या अवयवात जातील हे बऱ्याच अंशी ठरते, असेही याच गटाला आढळले. या पुटिका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असतात. साध्या सूक्ष्मदर्शकाला त्या दिसत नाहीत. खानोलकरांनी आयुष्यभर न्याहाळलेल्या कापांतही त्या दिसणे शक्य नव्हते.

इतर कार्य व सन्मान

खानोलकर भारतीय विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेचे संस्थापक-अध्यक्ष, आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्ष आणि अणुकिरणांच्या परिणामांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचे सदस्य होते. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती झाली होती. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. राष्ट्रीय आयुर्विज्ञान अकादमीतर्फे त्यांच्या नावाने व्याख्यान आयोजित केले जाते.

परळचे संशोधन केंद्र पुढे नवी मुंबईतील खारघर येथे हलवण्यात आले. तेथील प्रयोगशाळांच्या इमारतीचे नाव खानोलकर शोधिका असे आहे.