डाव्या-उजव्या रेणूंचा शोधक

अलिबागच्या किनाऱ्यावर सापडलेला शंख आरशासमोर धरला, तर प्रतिबिंबातील वळसे उलट दिशेने जाताना दिसतात. धातूंच्या संयुगांतही अशा डाव्या-उजव्या जोड्या असतात, हे आल्फ्रेड वेर्नर यांनी सिद्ध केले.

१२ डिसेंबर १८६६ रोजी अल्सेस प्रांतातील मुलहाउस येथे त्यांचा जन्म झाला. धातूच्या अणूभोवती सहा घटक अष्टफलकाच्या कोपऱ्यांवर असतात, हा विचार त्यांनी १८९३ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी मांडला. तो खरा असेल, तर काही संयुगांची डावी-उजवी रूपे सापडायलाच हवी होती. त्यासाठी १८ वर्षे लागली. १९११ मध्ये झुरिच विद्यापीठात त्यांनी विद्यार्थी व्हिक्टर किंग यांच्यासह कोबाल्टच्या संयुगाची ही रूपे वेगळी केली. १९१३ मध्ये नोबेल पारितोषिक लाभले. हा गुण कार्बनमुळे येत असावा, ही उरलेली शंकाही १९१४ मध्ये कार्बनविरहित संयुगाने मिटवली. १५ नोव्हेंबर १९१९ रोजी, अवघ्या ५२व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज अशाच धातुसंयुगांपासून मळसूत्रासारखा फिरत जाणारा, म्हणजेच वर्तुळ-ध्रुवित प्रकाश देणारे दिवे घडवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. मोबाइलच्या पडद्यावरील चकाकी रोखणारी गाळणी साध्या प्रकाशाचा जवळजवळ निम्मा भाग शोषून घेते. योग्य दिशेने फिरणारा प्रकाश मात्र तिच्यातून पार होतो. वेर्नर यांच्या संयमाचे फळ उद्या विजेच्या बचतीतून हाती येऊ शकेल.