इतिहासाचार्य राजवाडे आणि राग



देवपूरहून पांझरेचा पूल ओलांडून आपण कामासाठी, बाजारासाठी धुळे शहरात जातो. याच शहरात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. राजवाडे विद्वान म्हणून जेवढे मोठे, तेवढेच संतापी म्हणूनही प्रसिद्ध होते. क्रोध हे सात प्रमुख पापांपैकी एक आहे, असे आपण धर्मशिक्षणात शिकलो. म्हणून या रविवारी आपण त्यांच्या जीवनाकडे पाहू या. ते आपल्या धर्माचे नव्हते, पण त्यांच्या आयुष्यातून आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ सालचा. रायगड जिल्ह्यातील वरसई हे त्यांचे गाव. पत्नी लवकर वारली, त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. इंग्रजांनी लिहिलेला मराठ्यांचा इतिहास त्यांना अपुरा आणि एकांगी वाटे. त्याचा त्यांना मनस्वी राग होता. पण तो राग त्यांनी कामाला लावला. गावोगाव हिंडून, हाताने स्वयंपाक करून, जुन्या वाड्यांतील कागद त्यांनी गोळा केले. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला आणि पुढे असे बावीस खंड झाले. इंग्रजी उत्तम येत असूनही त्यांनी आपले लेखन मराठीतच केले. अन्यायाची चीड माणसाला कष्टाला लावते तेव्हा तिच्यातून चांगले फळ येते. प्रभू येशूलाही मंदिरातील बाजार पाहून राग आला होता, हे आपण जाणतो.

परंतु राग घरात शिरला की तो आपली माणसे ओळखत नाही. १९१० साली राजवाड्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात पुढाकार घेतला. पुढे त्याच मंडळातील सहकाऱ्यांशी त्यांचे बिनसले आणि आपणच उभ्या केलेल्या संस्थेपासून ते दूर झाले. बीड येथे त्यांना ज्ञानेश्वरीची एक फार जुनी पोथी मिळाली होती. १९०९ साली त्यांनी ती छापली. लोकांनी तिच्याविषयी शंका काढल्या, तेव्हा संतापाच्या भरात त्यांनी मूळ पोथी नष्ट केली, असे सांगितले जाते. ती पोथी आज अभ्यासकांना पाहायला मिळत नाही. मोशेनेही रागाने दगडी पाट्या फोडल्या होत्या. देवाने दयाळूपणे त्या पुन्हा लिहून दिल्या. आपण रागात मोडलेली प्रत्येक वस्तू मात्र परत मिळतेच असे नाही.

आयुष्याच्या अखेरीस राजवाडे धुळ्यास आले. येथील लोकांना त्यांचा स्वभाव माहीत नव्हता असे नाही. तरीही त्यांनी त्यांना जवळ केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच राजवाड्यांचे निधन झाले. त्यानंतर दहा दिवसांच्या आत, ९ जानेवारी १९२७ रोजी, भास्कर वामन भट व इतर मंडळींनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन केले आणि त्यांची कागदपत्रे जपली. त्यांनी तयार केलेला मराठी धातुकोश याच मंडळाने १९३७ साली प्रसिद्ध केला. संतापी माणसाचे काम वाचले, ते त्याला सांभाळून घेणाऱ्या माणसांमुळे.

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामातही असे घडते. सणाच्या तयारीवरून किंवा एखाद्या सभेत शब्दाने शब्द वाढतो आणि वर्षानुवर्षे राबलेला माणूस मिस्साला येणे बंद करतो. भाऊ भावाच्या घरची पायरी चढत नाही. दिवस मावळण्याच्या आत राग सोडावा, असे संत पौल आपल्याला सांगतो. आपल्याकडून कित्येक वर्षे मावळून जातात.

या आठवड्यात आपण दोन गोष्टी करू या. आपण रागाने कोणाला दुखावले असेल, तर पापनिवेदनाला जाण्यापूर्वी त्याच्याकडे जाऊन यावे. आणि आपल्यातील कोणी रागावून दूर गेला असेल, तर त्याच्या चुकीचा हिशेब न मांडता त्याच्या दारी जावे. धुळेकरांनी एका रागीट विद्वानाला सांभाळले. आपणही आपल्या माणसांना सांभाळू या.