बिनतारी लहरी पारखणारे जगदीशचंद्र बोस

मोबाईलवर रेंजच्या दांड्या दिसतात ना? हवेतून येणारी लहर फोनला किती जोरात मिळते, ते त्या सांगतात. अशा लहरी पकडणारी नाजूक यंत्रे फार पूर्वी आपल्या देशात बनवणाऱ्या थोर शास्त्रज्ञाची माहिती मी देते.

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी, आजच्या बांगलादेशात झाला. वडील सरकारी अधिकारी. तरी त्यांनी मुलाला इंग्रजी शाळेत न घालता बंगाली शाळेत घातले. तिथे कोळ्याचा मुलगा त्याच्या शेजारी बसे. म्हणजे शाळा आपल्यासारखीच, बरं का!

पुढे ते इंग्लंडात शिकले. १८८५ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. पण गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा त्यांना पगार कमी. म्हणून त्यांनी शिकवणे सोडले का? नाही. तीन वर्षे शिकवले, पण पगाराला हात लावला नाही. शेवटी सरकार नमले. मागचा सगळा पगार पूर्ण मिळाला.

कॉलेजात धड प्रयोगशाळा नव्हती. एका लहानशा खोलीत, पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराला हाताशी धरून त्यांनी यंत्रे बनवली. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी तार न जोडता भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली. लोक थक्क झाले.

लहर सोडणे हे अर्धेच काम. ती पोचली की नाही, हे कळायला हवे. त्यासाठी त्यांनी पोलादाच्या बारीक स्प्रिंगा एकमेकींना टेकवून ठेवल्या. लहर पडली की त्यांतून वीज जास्त वाहते आणि काटा हलतो. स्क्रूने दाब कमी-जास्त केला की यंत्र आणखी नाजूक होई. कोणती वस्तू लहर अडवते, तेही त्यांनी तपासले. रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानांत धातूचा पातळ कागद घातला. पुस्तक एका बाजूने धरले तर लहर आरपार जाई, फिरवून धरले तर अडे!

आम्ही सातवीच्या मुलांनी असाच प्रयोग केला. गुरुजींचा फोन घेऊन भद्रावतीच्या विजासन लेणीत गेलो. बाहेर चार दांड्या, आत दोन, अगदी आतल्या मूर्तीपाशी एकही नाही. डोंगराचा दगड लहर अडवतो. मग आपल्या गावातही हिंडून दांड्या मोजल्या. तीन जागी फोन नीट लागतो. त्यांचा नकाशा ऑफिसच्या दारावर लावला आहे. कोणाला साप चावला, तर १०८ ला फोन कुठून लावायचा, हे त्यावरून कळते. सर्वांनी तो पाहून ठेवावा आणि घरीही सांगावा.

१९१७ साली बोस यांनी कलकत्त्यात संशोधन संस्था काढली. झाडांवरही प्रयोग केले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी ते वारले. साधने थोडी होती, पण त्यांनी मोजल्याशिवाय काही मानले नाही. आपणही तसेच करू या.