डीएनएच्या फोटोआधी रोझलिंड फ्रँकलिनने कोळशाचं कोडं सोडवलं होतं

आहुप्याला मुक्कामी गेला असाल तर चुलीतला लाकडी कोळसा पाहिला असेलच. तो हवा लागू न देता 3000 अंशांपर्यंत तापवला, तर पेन्सिलीतलं ग्रॅफाइट मिळेल का? नाही. पण पिचपासून, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या काळ्या गोळ्यापासून, केलेला कोक तापवला तर मिळतं. असं का होतं, हे शोधलं रोझलिंड फ्रँकलिनने. हो, तीच डीएनएवाली.

जन्म लंडनचा, 25 जुलै 1920. केंब्रिजला शिकली आणि ऐन महायुद्धात, 1942 मध्ये, ब्रिटनच्या कोळसा संशोधन संस्थेत लागली. काम काय, तर दगडी कोळशातली बारीक छिद्रं मोजायची. ऐकायला रटाळ, पण त्याच कामावर 1945 ला पीएचडी मिळाली.

1947 ला ती पॅरिसला गेली. तिथे जाक मेरिंगकडे क्ष-किरणांनी पदार्थाची आतली रचना ओळखायला शिकली. 1951 च्या पेपरमध्ये तिने कार्बनचे दोन गट पाडले. एकात कार्बनचे थर आधीच जवळपास समांतर असतात, तापवलं की नीट रचले जातात. दुसऱ्यात ते आडवेतिडवे आणि एकमेकांना घट्ट बांधलेले, कितीही तापवा, हलत नाहीत. चुलीतला कोळसा या दुसऱ्या गटातला.

आता याचा उपयोग काय? नाशिकच्या सातपूरला ग्रॅफाइट इंडियाचा कारखाना आहे. भंगारापासून पोलाद करणाऱ्या विद्युत भट्टीला ग्रॅफाइटचे जाडजूड इलेक्ट्रोड लागतात. ते बनतात चिक्कीसारखे. शेंगदाण्यांच्या जागी पेट्रोलियम कोकचे दाणे, पाकाच्या जागी गरम पिच. पातळ झालेलं पिच दाण्यांना माखतं, त्यांच्या छिद्रांत शिरतं. कमी पडलं तर माल भुसभुशीत, जास्त झालं तर भाजताना वायू सुटून तडे. फरक एवढाच की पाक पाकच राहतो, पिच मात्र भट्टीत स्वतःच कोक होतं. वायू निघून गेल्यावर छिद्रं उरतात, म्हणून पुन्हा पिच मुरवतात, पुन्हा भाजतात. शेवटी 3000 अंशांच्या आसपास तापवून ग्रॅफाइट. पिच घट्ट होण्याआधी पातळ असतं, त्यामुळे थरांना समांतर व्हायला सवड मिळते. म्हणून ते पहिल्या गटात.

1951 लाच ती लंडनच्या किंग्ज कॉलेजला आली. पुढचं तुम्हाला माहीत असेल: तिचा विद्यार्थी रेमंड गॉस्लिंगने 1952 मध्ये काढलेला फोटो 51 तिला न विचारता वॉटसनला दाखवला गेला. नंतर बर्कबेक कॉलेजात ती विषाणूंवर काम करू लागली. 16 एप्रिल 1958 ला, 37 व्या वर्षी, कॅन्सरने गेली. 1962 चं नोबेल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्सला मिळालं.

तिच्या थडग्यावर विषाणूंवरच्या कामाचा उल्लेख आहे. डीएनएचा नाही, कोळशाचाही नाही.